समुद्राचा ताप मोजणारा डॉक्टर

घरात कुणाला ताप आला की आपण थर्मामीटर लावतो आणि आकडा वाचतो. अनुभवी डॉक्टर मात्र नुसता आकडा ऐकून थांबत नाही. थर्मामीटर काखेत लावला होता की जिभेखाली, किती वेळ ठेवला होता, त्याआधी रुग्णाने गरम चहा घेतला होता का, हे तो विचारून घेतो. आकडा कसा मिळाला हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही, हे त्याला ठाऊक असते.

समुद्राचेही तसेच आहे. अरबी समुद्र तापतो आहे, असे आपण हल्ली वारंवार वाचतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात सुमारे १.२ अंश सेल्सिअसने वाढले. शंभराहून अधिक वर्षांत सव्वा अंश! पण १९०१ साली उपग्रह नव्हते, स्वयंचलित यंत्रे नव्हती. मग तेव्हाचे तापमान आपल्याला कळले कसे? जहाजांवरच्या माणसांनी बादलीने पाणी वर काढले, त्यात थर्मामीटर बुडवला आणि वहीत आकडा लिहिला, म्हणून कळले. त्या आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न आपल्या किनाऱ्यापुरता ज्यांनी फार गांभीर्याने घेतला, त्यांत एका डॉक्टरांचे नाव वरचे आहे. ते म्हणजे लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट बेरेसफर्ड सीमोर स्यूएल.

स्यूएल यांचा जन्म ५ मार्च १८८० रोजी इंग्लंडमधील लेमिंग्टन येथे झाला. केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले आणि नंतर लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकाचे. १९०८ साली ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. हिंदुस्थानातील या वैद्यकीय सेवेची एक गंमत होती. तिच्यातले डॉक्टर रुग्ण तर तपासतच, पण वनस्पती, साप, मासे, डास, हवामान यांवरही आयुष्यभर काम करत. रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाच्या परजीवीचा डासातला प्रवास शोधला, तेही याच सेवेत असताना.

या सेवेत एक अनोखे पद होते. ते म्हणजे सागरी सर्वेक्षण खात्याच्या जहाजावरील सर्जन-नॅचरलिस्ट. अर्धा डॉक्टर, अर्धा निसर्गशास्त्रज्ञ. जहाजाचे मुख्य काम समुद्राचे नकाशे तयार करणे. कुठे किती खोली आहे, खडक कुठे, बंदरात शिरायची वाट कोणती, हे मोजायचे. जहाजावर खलाशी आणि अधिकारी असल्याने डॉक्टर लागेच. तोच डॉक्टर फावल्या वेळात समुद्रातील जीव गोळा करी आणि पाण्याची तपासणी करी. याच पदावर स्यूएल यांच्या आधी काम केलेल्या आल्फ्रेड अल्कॉक यांनी १९०२ साली लिहिलेले हिंदी समुद्रांवरचे पुस्तक आजही अभ्यासक वाचतात. १९१० साली हे पद स्यूएल यांच्याकडे आले. जहाजाचे नाव होते ‘इन्व्हेस्टिगेटर’. या नावाचे पहिले जहाज मुंबईच्या गोदीत १८८१ साली बांधले गेले होते. स्यूएल यांच्या वाट्याला आले ते त्याच नावाचे दुसरे जहाज.

पावसाळा सरला की सर्वेक्षणाचा मोसम सुरू होई. मुंबईहून दक्षिणेला निघालेले जहाज कोकण किनाऱ्यासमोरून जाई आणि पुढे लक्षद्वीप समुद्र, श्रीलंका ओलांडून बंगालच्या उपसागरात, अंदमान-निकोबारपर्यंत पोहोचे. पुढच्या पावसाळ्याआधी काम आटोपायचे आणि मग पावसाचे महिने सर्जन-नॅचरलिस्टने कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये बसून जमवलेले नमुने लावायचे, असा वर्षाचा क्रम होता. आपल्या मच्छीमारांच्या वर्षासारखाच हा क्रम पावसाळ्याभोवती आखलेला होता.

रत्नागिरीकरांसाठी इथे एक जवळची गोष्ट आहे. तेव्हाच्या रॉयल इंडियन मरीनमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय नौदलाच्या पूर्वज दलात, खलाशी प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून भरती होत. तेव्हाच्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही आला. कोकणी मुसलमान आणि इतर दर्यावर्दी समाजांतील तरुण पिढ्यान्‌पिढ्या या दलात जात. सर्वेक्षणाची जहाजे याच दलाची होती. खोल समुद्रात सोडलेली शेकडो वाव लांबीची तार उतरवणे, ती तिरकी होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून पाहणे, बाटल्या न आपटता वर घेणे, ही कामे खलाशांच्या हातांनी होत. शोधनिबंधांच्या पहिल्या पानावर त्यांची नावे नाहीत. पण आकडा अचूक येण्यात त्यांच्या हातांचा वाटा थर्मामीटरइतकाच होता.

आता मोजणीतल्या अडचणींकडे वळू. पृष्ठभागाचे तापमान मोजायला बादली पुरे, असे वाटते. पण कापडी, म्हणजे कॅनव्हासच्या बादलीतून पाणी झिरपते आणि वाऱ्याने त्याचे बाष्पीभवन होते. आपल्या माठात पाणी का गार होते? त्याच कारणाने. बादली डेकवर येऊन दोन-चार मिनिटे वाऱ्यात राहिली, की आतले पाणी समुद्रापेक्षा काही दशांश अंश गार झालेले असते. लाकडी बादलीत ही घट कमी. उलट, पुढे वाफेच्या जहाजांत इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचे तापमान नोंदवण्याची पद्धत आली, तेव्हा इंजिनाच्या खोलीतील उष्णतेने आकडा थोडा जास्त येऊ लागला. म्हणजे कापडी बादलीपासून इंजिनाच्या नळापर्यंत पद्धत बदलली, तर समुद्र जसाच्या तसा राहूनही तो तापल्यासारखा दिसतो! शतकभराची वाढ सव्वा अंश, आणि चूक काही दशांशांची. म्हणून ही चूक किरकोळ म्हणून सोडता येत नाही. बादली कसली, थर्मामीटर किती वेळाने वाचला, ऊन होते की रात्र, वारा किती होता, हे लिहून ठेवलेले असेल तरच पुढच्या पिढीला ती दुरुस्त करता येते.

खोल पाण्याचे तापमान मोजणे आणखी अवघड. हजार मीटर खोलीवर पाणी गार असते. तिथला थर्मामीटर वर ओढताना तो गरम पाण्यातून येतो आणि पारा वर चढतो. यावर १८७० च्या दशकात लंडनच्या नेग्रेटी आणि झांब्रा या उपकरण बनवणाऱ्यांनी उलटणारा थर्मामीटर काढला. आपल्या घरातल्या जुन्या पाऱ्याच्या थर्मामीटरमध्ये फुग्याजवळ नळी किंचित चिमटलेली असते, म्हणून तो तोंडातून काढल्यावरही पारा उतरत नाही आणि झटकावा लागतो. समुद्रातल्या थर्मामीटरमध्येही अशीच एक चिमट असते. तार ठरलेल्या खोलीवर पोहोचली की वरून तारेवरून एक वजन सोडतात. ते खाली जाऊन खिट्टी उघडते, थर्मामीटर उलटा होतो, पाऱ्याची दांडी चिमटीपाशी तुटते आणि तुटलेला तुकडा दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. त्या क्षणाचे तापमान तिथे अडकते. सोबतची बाटलीही त्याच क्षणी बंद होते आणि त्या खोलीचे पाणी वर येते.

तरी काम संपत नाही. तुटलेला पारासुद्धा वरच्या उबदार हवेत थोडा फुगतो. म्हणून शेजारी दुसरा लहान थर्मामीटर असतो. त्याचा आकडा घेऊन पहिल्याची दुरुस्ती करायची. प्रत्येक थर्मामीटरची स्वतःची खोड असते. ती कारखान्याच्या किंवा प्रयोगशाळेच्या दाखल्यावरून वजा करायची. प्रवाहाने जहाज वाहत असेल तर तार तिरकी होते. हजार मीटर तार सोडली तरी बाटली हजार मीटर खोल नसते, म्हणून तारेचा कोन मोजायचा. एवढे सगळे केले की तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत भरवशाचे मिळते.

आणि खारटपणा? पाणी आटवून मीठ तोलावे, असे मिठागरे पाहिलेल्या माणसाला सहज वाटेल. पण समुद्राचे पाणी पूर्ण आटवताना काही क्षार फुटतात आणि काही थोडे पाणी घट्ट धरून बसतात, त्यामुळे वजन चुकते. वाट निघाली ती १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरलेल्या ब्रिटिश ‘चॅलेंजर’ जहाजाने आणलेल्या नमुन्यांतून. रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी त्यांतले ७७ नमुने तपासून दाखवले, की पाणी कमी खारट असो वा जास्त, त्यातल्या मुख्य क्षारांचे एकमेकांशी प्रमाण जवळपास तेच राहते. मग सगळे मीठ तोलण्याची गरज उरली नाही. फक्त क्लोरीन मोजले तरी पुरे. सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण थेंबथेंब घालायचे, रंग बदलला की थांबायचे आणि किती द्रावण लागले यावरून क्षारता काढायची. जगातल्या सगळ्या जहाजांचे माप एक राहावे म्हणून कोपनहेगनहून काचेच्या बंद नळ्यांत प्रमाण समुद्रजल पाठवले जाई. आधी त्या पाण्यावर आपला हात तपासायचा, मग आपल्या नमुन्याकडे वळायचे. सोने तोलण्याआधी सराफ वजनमापे तपासून घेतो, तसेच हे.

डुलणाऱ्या जहाजावर ब्युरेट हातात धरून रंग बदलण्याचा नेमका क्षण पकडणे सोपे नाही. नमुना बाटलीत ठेवून किनाऱ्यावर नेला आणि बूच सैल राहिले, तर पाणी उडून जाते आणि नमुना मुळापेक्षा खारट निघतो. स्यूएल यांचे वेगळेपण या कंटाळवाण्या काळजीत होते. एका ठिकाणी एकदाच पाणी घेऊन निष्कर्ष काढण्यापेक्षा, त्याच जागी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पाणी घेऊन आकडा कसा हलतो, हे ते पाहत. सकाळी सहाचे आणि दुपारी दोनचे तापमान वेगळे असेल, तर या दोन वेळांच्या नोंदी सरळ शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. रुग्णाचा सकाळचा आणि संध्याकाळचा ताप वेगवेगळा लिहिण्याची डॉक्टरी शिस्त इथे समुद्राला लागली.

पहिल्या महायुद्धाने या कामात खंड पडला. स्यूएल लष्करी डॉक्टर म्हणून पश्चिम आशियाच्या आघाडीवर गेले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा सर्वेक्षणाच्या जहाजावर आणि कोलकात्याच्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेत परतले. १९१६ साली ही संस्था उभारणारे नेल्सन अनांडेल १९२४ साली वारले आणि १९२५ साली संचालकपद स्यूएल यांच्याकडे आले. त्याच वर्षापासून बंगालच्या एशियाटिक सोसायटीने त्यांच्या हिंदी समुद्रांवरील संशोधनाचे भाग छापायला सुरुवात केली. अंदमान समुद्राचा तळ, निकोबारमधील नानकौरी बंदर, समुद्रावरचे हवामान, किनाऱ्याजवळच्या, पृष्ठभागाच्या आणि खोल पाण्याची तापमान-क्षारता असे विषय एकामागून एक आले. ही मालिका १९३८ पर्यंत चालली. बंगालचा उपसागर, अंदमान समुद्र आणि लक्षद्वीप समुद्र यांच्या पाण्याची ऋतूंनुसार होणारी उलथापालथ एवढ्या तपशिलात मांडणारे त्याआधी फारसे काही नव्हते.

या आकड्यांमधून काय दिसते, ते आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने समजून घेण्यासारखे आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. अरबी समुद्रात हे प्रमाण त्याहून जास्त, साधारण ३६ ग्रॅम, कारण इथे ऊन आणि कोरडा वारा यांमुळे बाष्पीभवन भरपूर होते आणि गोडे पाणी आणणाऱ्या मोठ्या नद्या कमी. शिवाय तांबडा समुद्र आणि पर्शियाचे आखात यांतून आणखी खारट पाणी येऊन मिसळते. बंगालच्या उपसागरात उलटे. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती यांच्या पाण्याने त्याचा वरचा थर, विशेषतः उत्तरेकडे, बराच सपक होतो. खारट पाणी जड असते, सपक पाणी हलके. हलका थर वर तरंगत राहिला की खालचे गार पाणी वर येणे अवघड होते. म्हणून मीठ मोजणे ही केवळ रसायनशास्त्राची हौस नाही. पाणी कुठे बुडेल, कुठे वर येईल, मासळीचे अन्न कुठे तयार होईल, हे तापमान आणि मीठ मिळून ठरवतात.

संचालक म्हणून स्यूएल यांचे काम समुद्रापुरते राहिले नाही. मोहेंजोदडोच्या उत्खननात सापडलेल्या माणसांच्या आणि प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास त्यांनी बिरजा शंकर गुहा यांच्याबरोबर केला. १९३१ साली नागपूरला भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेचे ते अध्यक्ष होते. त्यांचा जीव मात्र कोपेपॉड या अगदी बारीक जीवांत रमला होता. तांदळाच्या दाण्याहूनही लहान असलेले हे कवचधारी जीव समुद्रात अब्जावधींनी असतात. तारली, बांगडा यांसारख्या मासळीच्या खाण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. कोणत्या पाण्यात कोणता कोपेपॉड राहतो, हे सांगायचे तर ते पाणी किती गरम आणि किती खारट, हे आधी कळायला हवे. स्यूएल मोजणीकडे वळले ते अशा प्रश्नांतूनच.

१९३३ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, ते निवृत्त झाले. त्यांच्यानंतर बेनी प्रसाद हे या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. स्यूएल यांच्या आयुष्यातले सगळ्यात मोठे काम मात्र निवृत्तीनंतर त्यांच्यासमोर आले. ‘चॅलेंजर’वर तरुणपणी काम केलेले सर जॉन मरे १९१४ साली मोटार अपघातात वारले होते. ख्रिसमस बेटावरील फॉस्फेटच्या धंद्यातून मिळालेल्या संपत्तीचा काही भाग त्यांनी समुद्रविज्ञानासाठी ठेवला होता. त्या पैशातून अरबी समुद्राची मोहीम ठरली. जहाज दिले इजिप्त सरकारने. त्याचे नाव ‘मबाहिस’. अवघे १३८ फूट लांब, कोळशावर चालणारे हे जहाज १९३० साली मासेमारीच्या संशोधनासाठी बांधलेले होते. नेतृत्व आले स्यूएल यांच्याकडे.

३ सप्टेंबर १९३३ रोजी ‘मबाहिस’ अलेक्झांड्रियाहून निघाले आणि २५ मे १९३४ रोजी परतले. तांबडा समुद्र, एडनचे आखात, ओमानचे आखात, कराची, मुंबई, आफ्रिकेचा पूर्व किनारा, झांझिबार, कोलंबो, मालदीव असा साधारण मार्ग. खलाशी बहुतेक इजिप्शियन, शास्त्रज्ञ ब्रिटिश आणि इजिप्शियन मिळून. रसायनाची बाजू थॉम्पसन, गिल्सन आणि इजिप्तचे अब्देल फत्ताह मोहम्मद यांनी सांभाळली. जहाजाचे डॉक्टर आणि जीवशास्त्रज्ञ होते हुसेन फौझी, जे पुढे इजिप्तमध्ये लेखक म्हणून प्रसिद्ध झाले. नऊ महिन्यांत दोनशेहून अधिक ठिकाणी थांबून त्यांनी तळाची खोली, तापमान, क्षारता, विरघळलेला प्राणवायू आणि जीवसृष्टी यांची नोंद केली.

या मोहिमेतून दोन मोठ्या गोष्टी हाती आल्या. पहिली तळाची. ध्वनीच्या साहाय्याने खोली मोजताना अरबी समुद्राच्या तळाशी असलेल्या कार्ल्सबर्ग या पर्वतरांगेच्या माथ्यावर लांब घळ दिसली. आफ्रिकेतल्या खचदरीशी तिचे साम्य आहे, हे स्यूएल आणि भूशास्त्रज्ञ वाइजमन यांनी १९३७ साली मांडले. समुद्राचा तळ अशा भेगांतून दोन्ही बाजूंना पसरत जातो, ही कल्पना शास्त्रात रुजायला त्यानंतर तीस वर्षे जावी लागली. अरबी समुद्राच्या तळावरच्या एका रांगेला पुढे मरे यांचेच नाव मिळाले.

दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची. अरबस्तानाच्या किनाऱ्यालगत आणि ओमानच्या आखातात मधल्या खोलीवर तळाला जाळे ओढले, तर ते जवळपास रिकामे येई. वर आलेल्या चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडचा. रिकाम्या जाळ्याचे कारण जाळे फाटले, नीट तळाला लागले नाही, असे काहीही असू शकते. इथे बाटल्यांनी निकाल दिला. त्याच खोलीवरून आणलेल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नव्हताच. पृष्ठभागावर भरपूर जीवन, ते मरून खाली पडते, कुजताना प्राणवायू खाते आणि त्या खोलीवर ताजे पाणी पुरेसे पोहोचत नाही. साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीवरचा हा प्राणवायूअभावी गुदमरलेला थर जगातल्या सर्वांत मोठ्या अशा थरांपैकी एक आहे.

हा थर कोकणालाही परका नाही. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आणि त्यानंतर भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत खालचे गार, कमी प्राणवायूचे पाणी उथळ भागावर चढते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिले, की आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत आपल्या किनाऱ्यावरच्या उथळ पाण्यात प्राणवायू इतका घटला होता की तिथेही हायड्रोजन सल्फाइड तयार झाला होता. असे पाणी पसरले की मासळी आणि कोळंबी तिथून हटते किंवा मरते. मिरकरवाड्याहून निघालेल्या नौकेला नेहमीच्या ठिकाणी मासळी न मिळण्याची अनेक कारणे असतात. जास्त मासेमारी हे एक, पाण्याचा बदलता स्वभाव हे दुसरे. यातले कोणते कारण किती, हे सांगायला जुन्या नोंदी लागतात, आणि त्या विश्वासार्ह असाव्या लागतात.

म्हणूनच ‘मबाहिस’च्या आकड्यांना किंमत आहे. कोणत्या जागी, कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीवर, कोणत्या पद्धतीने पाणी घेतले आणि काय दुरुस्त्या केल्या, हे त्या अहवालांत नोंदलेले आहे. ब्रिटिश म्युझियमने हे अहवाल पुढची सुमारे तीन दशके खंडाखंडांनी प्रसिद्ध केले. १९३४ साली स्यूएल रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. केंब्रिजमध्ये राहून ते भारताच्या प्राणिजीवनावरील ग्रंथमालेचे संपादन करत राहिले आणि आपल्या लाडक्या कोपेपॉडवर लिहीत राहिले. साम्राज्याच्या नोकरीत आलेला हा माणूस. त्याच्या जहाजाने केलेले नकाशे आधी व्यापार आणि आरमार यांच्या कामी आले, हे विसरता येत नाही. पण पाण्याच्या नोंदी ज्याला हव्या त्याच्या झाल्या.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत अरबी समुद्रात पुन्हा जहाजांची वर्दळ सुरू झाली होती. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अनेक देशांची सुमारे चाळीस जहाजे १९६५ पर्यंत पाणी मोजत फिरली. भारतीय नौदलाचे ‘किस्तना’ त्यांत होते. ही मोहीम चालू असतानाच, ११ फेब्रुवारी १९६४ रोजी, स्यूएल यांचे निधन झाले. १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, आणि गोवा हे तिचे घर झाले. सर्जन-नॅचरलिस्ट फावल्या वेळात करत असे ते काम आता भारतात एका संस्थेचे पूर्णवेळ काम झाले.

आज समुद्रात सुमारे चार हजार आर्गो तरंगयंत्रे फिरतात. ती दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतात, वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात आणि उपग्रहामार्फत आकडे पाठवतात. भारतात हे काम हैदराबादची इन्कॉइस संस्था पाहते. मच्छीमारांना मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे, याची सूचना देणारी संस्था हीच. पण यंत्रही खोड काढते. पाण्यात वर्षानुवर्षे राहून क्षारता मोजणारा भाग हळूहळू चुकू लागतो. ती चूक पकडायला जवळपासच्या पाण्याची जहाजावरून काळजीपूर्वक घेतलेली मापे लागतात. जहाजावरून सोडल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या तापमापकांची अशीच गोष्ट. ते किती वेगाने बुडतात याचे गणित थोडे चुकले होते. त्यामुळे खोली चुकली, आणि समुद्रात साठलेल्या उष्णतेचा हिशेबही काही काळ चुकला. जुने आकडे टाकून न देता, चूक शोधून ते दुरुस्त केले गेले. दुरुस्ती शक्य झाली, कारण कोणते उपकरण कधी वापरले याच्या नोंदी बऱ्याच अंशी शिल्लक होत्या. जिथे त्या नव्हत्या, तिथे आजही अंदाजच करावा लागतो.

आपल्या घरातले रक्तदाबाचे किंवा साखरेचे जुने कागद डॉक्टर का मागतात, हे यावरून समजावे. तारीख, वेळ, उपाशीपोटी की जेवणानंतर, कोणत्या यंत्रावर, हे लिहिलेले असेल तर दहा वर्षांपूर्वीचा कागदही आजच्या निदानात उपयोगी पडतो. नुसता आकडा असेल तर तो कागद जवळपास कोराच. ‘मबाहिस’ हे जहाज अलेक्झांड्रियात जपून ठेवले आहे. त्यावरून आणलेले पाणी कधीच संपले. वहीतले तपशील टिकले, म्हणून नव्वद वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या अरबी समुद्राची तुलना करता येते.